आईच्या रकान्यात दोन नावं

लोरिंडा एट्सिटी शाळेची बस चालवायची, आणि तिने वरच्या आरशात नुसतं पाहिलं तरी मागच्या बाकावरची मारामारी थांबायची. लुकाचुकायच्या डोंगराखालचा कच्चा रस्ता म्हणजे निव्वळ पन्हाळी पत्रा. त्यावरून ती रोज सकाळी बसभर पोरं शाळेत पोचवायची. चिखलात चाक रुतलं तर त्यातल्याच दांडग्यांना खाली उतरवायची आणि अशी ओरडायची की पोरं ढकलायच्या आधी बसच घाबरून पुढे सरकते, असं लोक म्हणत. पण हीच बाई कचेरीत गेली आणि टेबलापलीकडे गोरा माणूस दिसला, की ती नुसती मान डोलवत राहायची. म्हणून शाळेतले सल्लागार हॅडली सर यांचा "जरा येऊन जाल का" असा निरोप आला, तेव्हा बसची किल्ली मुठीत घट्ट धरूनच ती त्यांच्या खोलीत शिरली.

हॅडली सर ओहायोचे. वय कोवळं, दाढी विरळ, मन चांगलं. लोरिंडाच्या लेकीला, रेलिनला, त्यांनीच एक कॉलेज सुचवलं होतं. नेब्रास्कातलं एल्समूर कॉलेज दर वर्षी ऑक्टोबरात काही होतकरू मुलांना आपल्या खर्चाने बोलावून घेतं. विमानाचं तिकीट त्यांचं, राहणं त्यांचं, जेवण त्यांचं. दोन दिवस वर्गात बसायचं, वसतिगृहात झोपायचं, आणि ही जागा आपली होऊ शकेल का ते बघायचं. एरवी ज्यांच्या घरात कोणी कॉलेजचं फाटकसुद्धा पाहिलेलं नाही, अशा पोरांसाठी ही सोय. शिवाय तिथे जनावरांच्या डॉक्टरकीची पहिली तयारी करून घेतात. अडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालून कोकरू सरळ करणारी रेलिन हे ऐकल्यावर कसली थांबते? तिने त्याच दिवशी अर्ज भरला.

"कॉलेजचं उत्तर आलंय," हॅडली सर हसत म्हणाले. "त्यांना तुमचं कुटुंब फार आवडलं. दोन आयांचं कुटुंब. अशा घरातल्या मुलांचं तिथे मनापासून स्वागत आहे म्हणतात. रेलिनने सगळ्यांसमोर दोन शब्द बोलावेत अशीही त्यांची इच्छा आहे."

लोरिंडाने मान डोलावली. यात विशेष काय, ते तिला कळलं नाही.

"मला माहीत नव्हतं," सर जरा जपून म्हणाले. "तुम्ही आणि व्हर्ना... किती वर्षं एकत्र आहात?"

"जन्मापासून," लोरिंडा म्हणाली. "म्हणजे माझ्या. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी."

सरांनी दोनदा पापण्या मिटल्या. "म्हणजे तुम्ही दोघी... जोडीदार नाही?"

"बहिणी आहोत सर. सख्ख्या."

सरांचे कान असे लाल झाले की लोरिंडालाच त्यांची दया आली.

चूक झाली होती ती अशी. अर्जात 'आईचं नाव' असा एक रकाना होता आणि रेलिनने त्यात दोन नावं लिहिली होती, व्हर्ना एट्सिटी आणि लोरिंडा एट्सिटी. आमच्यातल्या कोणाच्याही पोराने हेच केलं असतं, आणि मला विचाराल तर चूक पोरीची नव्हती, रकान्याची होती. या मुलखातल्या मूळच्या आम्हा डिने लोकांत, बाहेरचे ज्यांना नवाहो म्हणतात, मूल आईच्या कुळाचं असतं आणि आईच्या सख्ख्याच काय, कुळातल्या सगळ्या बहिणी त्याच्या आयाच असतात. थोरली आई, धाकटी आई, एवढाच काय तो फरक. माय मरो पण मावशी जगो अशी म्हण आहे खरी, पण आमच्याकडे त्यासाठी कोणाला मरावं लागत नाही.

व्हर्ना टेक्सासच्या किनाऱ्यावर तेलाच्या कारखान्यांत वेल्डिंग करते. कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवला की तिला बोलावणं येतं, काम आटोपलं की ती घरी येते. रेलिन तान्ही, पाळण्याच्या फळीला बांधलेली असतानाच असं एक बोलावणं आलं. रेलिनचा बाप तोवर गॅलपला दुसरं बिऱ्हाड थाटून बसला होता. व्हर्नाने फळी उचलली आणि लोरिंडाच्या मांडीवर ठेवली. त्यात दान नव्हतं, त्याग नव्हता, रडारड तर नव्हतीच. एका आईच्या मांडीवरून दुसऱ्या आईच्या मांडीवर, झालं. लोरिंडाला मूल नाही असं फक्त सरकारी कागद म्हणत. रात्रीचे ताप, शाळेचे डबे, पहिल्या वेण्या, दार आपटून केलेली भांडणं, सगळं तिच्या वाट्याला आलं होतं आणि तिने ते भरभरून घेतलं होतं.

आता हॅडली सरांना कॉलेजला खरं कळवणं भागच होतं. त्यांनी कळवलं आणि तिकडचा सूर एकदम बदलला. कॅरिगन नावाच्या कोणी बाई होत्या, त्यांचं सभ्य आणि थंड उत्तर आलं. आईच्या रकान्यात जन्म दिलेल्या आईचं एकच नाव हवं. मुलगी नातेवाइकाकडे वाढली असेल तर ते नातं, म्हणजे मावशी, स्पष्ट लिहावं. जन्मदाती आई मुलीला का सांभाळत नाही याचा खुलासा सोबत जोडावा. तोवर अर्ज अपुरा समजला जाईल.

"याने काही बिघडत नाही," हॅडली सर लोरिंडाला म्हणाले. "उलट अर्जाचं वजन वाढेल. आईने सोडलेली मुलगी, मावशीने वाढवलेली... वाचणाऱ्याच्या मनाला भिडतं हे."

लोरिंडाला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. पण समोर टेबल होतं, पलीकडे गोरा माणूस होता, आणि तोही बिचारा भल्यासाठीच बोलत होता. "बरं सर," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

घरी येऊन तिने भाकरीचं पीठ मळायला घेतलं. रेलिन मेंढ्या वाड्यात कोंडून आत आली, हात धुऊ लागली.

"मावशी लिही," लोरिंडा पिठाकडे बघत म्हणाली.

"कोणाला?"

"मला. तुझ्या त्या अर्जात."

रेलिनने नळ बंद केला. "तू माझी मावशी आहेस?"

"कागदावर गं. कागदच आहे तो. कागदाला काय कळतंय?"

"आणि खुलासा काय लिहू? व्हर्नाआईने मला उकिरड्यावर टाकलं आणि तू उचलून आणलंस?"

"असं कोण म्हणतंय!"

"तुझे हॅडली सर म्हणतायत. मला पण म्हणाले. म्हणे सोडलेली मुलगी लिही, छान वाटेल." रेलिनचा आवाज चढला. "कोणी सोडलं मला? सांग ना, कोणी? लोकांना एक आई पुरत नाही, मला दोन मिळाल्या, आणि अनाथ मी?"

"तोंड आवर. तिकीट जाईल हातचं."

"जाऊ दे."

"डॉक्टर व्हायचंय ना तुला?"

"व्हायचंय. पण त्यासाठी आईला मावशी नाही म्हणणार. सतरा वर्षं तू माझ्या डोक्यावर बसलीस, आता एका रकान्यासाठी तुला खाली उतरवू?"

"मी सांगतेय ना उतरव म्हणून!"

"तू सांगशील गं. तू कचेरीत गेलीस की कोणालाही हो म्हणतेस."

हे वर्मी लागलं. लोरिंडाने पिठाचा गोळा परातीत असा आपटला की कुत्रं बाहेर पळालं. सुंभ जळेल पण या पोरीचा पीळ जळायचा नाही, असं ती पुटपुटत राहिली. हा पीळ पोरीत कुठून आला, याचा विचार मात्र तिने केला नाही.

दुसऱ्या दिवशी बस लावून ती गाडी घेऊन टेकडीवर गेली, कारण फोनला रेंज तिथेच मिळते. व्हर्नाला तिने आधी ती 'जोडीदार'ची गंमत सांगितली. पलीकडे व्हर्ना इतकी हसली की कोणीतरी तिला पाणी आणून दिल्याचं ऐकू आलं.

"तुझ्याशी कोण संसार करणार?" व्हर्ना म्हणाली. "झोपेत गिअर बदलतेस."

"ताई, हसू नकोस. तू एकटीच आई म्हणून सही कर आणि पाठव. खुलासा मी सरांकडून लिहून घेते."

व्हर्नाचं हसू थांबलं. "तुझं नाव कुठे असेल?"

"खाली. मावशीच्या जागी."

"मग नाही करत सही."

"ताई!"

"जिथे तुझं नाव नाही तिथे माझी सही नाही. मी पोरगी टाकली असं लिहून द्यायचं? मी ती माझ्या बहिणीला दिली नाही, लोरे. माझ्या बहिणीची होतीच ती. तू हे विसरलीस वाटतं, म्हणून आठवण करून देते."

"तुम्ही दोघी मिळून पोरीचं वाटोळं कराल," असं म्हणून लोरिंडाने फोन ठेवला आणि ती गाडीत बसून रडली. तिला राग आला होता, हे खरं. पण खोल कुठेतरी तिला फार बरं वाटलं होतं, आणि आपल्याला बरं वाटतंय याची तिला लाज वाटत होती. पोरीचं विमान आपल्यामुळे चुकतंय आणि आपण मनात सुखावतोय, ही कसली आई?

अर्ज अपुराच राहिला. मुदत टळली. "या वर्षी आपली निवड होऊ शकली नाही" अशी कॉलेजची चिठ्ठी आली. हॅडली सर हळहळले. एका शब्दासाठी एवढी संधी घालवली म्हणाले. रेलिन म्हणाली, "सर, शब्द एकच असेल, पण तो तिचा आहे." आणि घरी येऊन ती मेंढ्या कोंडायला गेली. मात्र तिथे वाड्यात उभी राहून ती किती तरी वेळ एकाच मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत होती, हे लोरिंडाने खिडकीतून पाहिलं.

ऑक्टोबरात व्हर्ना काम संपवून घरी आली. केसांना लोखंडाचा वास, हातावर ठिणग्यांचे डाग, आणि गाडीत आणलेल्या सामानात निम्मा खाऊ. मटणाच्या रश्शाचे दोन वाडगे रिकामे झाल्यावर तिने विचारलं, "त्या कॉलेजला कुलूप असतं का गं?"

"कुलूप कशाला असेल?" रेलिन म्हणाली. "येत्या शनिवारी तर सगळ्यांसाठी उघडं आहे. जो स्वतःच्या पायाने येईल त्याने बघून जावं. बोलावलेली पोरंही तेव्हाच येणार आहेत."

"म्हणजे आपण गेलो तर कोणी हाकलणार नाही?"

"नाही. फक्त खाट नाही, जेवण नाही, वर्गात बसणं नाही."

"तिकीट त्यांचं होतं," व्हर्ना म्हणाली. "रस्ता कोणाचा?"

"सरकारचा."

"मग ऊठ. लोरे, शुक्रवारी शाळा सुटल्यावर बस लाव आणि निघू."

लोरिंडा नको नको म्हणत राहिली आणि नको नको म्हणतच तिने भाकऱ्या भाजल्या, मटणाचे तुकडे फडक्यात बांधले, कॉफीचा थर्मास भरला. बोलावणं नसताना दुसऱ्याच्या दारात जायला तिचं मन धजत नव्हतं. पण त्या दोघींच्या हाती गाडी सोपवून घरी बसणंही तिला शक्य नव्हतं. व्हर्ना रस्त्यावर गाडी चालवत नाही, रस्त्याशी भांडते.

आळीपाळीने चालवत त्यांनी कोलोरॅडो मागे टाकलं. उजाडलं तेव्हा दोन्ही बाजूंना मका होता. वाळलेला, कापणीला आलेला, जिथवर नजर जाईल तिथवर मका. आमच्याकडे मक्याची मूठभर रोपं जगवताना जीव मेटाकुटीला येतो, आणि मक्याच्या परागाशिवाय आमची प्रार्थना होत नाही. तिघी काचा खाली करून बघत राहिल्या.

"एवढा मका," व्हर्ना शेवटी म्हणाली. "आणि खातं कोण?"

"गुरं," रेलिन म्हणाली.

"म्हणजे इथली गुरं आपल्यापेक्षा देवभोळी."

कॉलेज विटांचं होतं आणि हिरवळीवर उभं होतं. मोठ्या दालनात दाराशीच टेबल लावलं होतं. तिथे कुरळ्या केसांची एक विद्यार्थिनी येणाऱ्यांच्या छातीवर बिल्ले चिकटवत होती. बोलावून आणलेल्या पोरांच्या मनगटावर हिरवी पट्टी होती. रेलिनने ती पट्टी पाहिली आणि नजर वळवली.

"तुमच्याबरोबर कोण?" कुरळ्या केसांच्या मुलीने विचारलं.

"माझ्या दोन्ही आया."

मुलीच्या चेहऱ्यावर हॅडली सरांचं तेच स्वागताचं हसू उमलायला लागलं, तोच व्हर्ना म्हणाली, "आम्ही बहिणी आहोत. आधीच सांगून ठेवते, मागच्या वेळी एका माणसाचे कान भाजले."

मुलगी गोंधळली. तिने व्हर्नाला विचारलं, "मग जन्म कोणी दिला?" व्हर्नाने हात वर केला. मुलीने एका बिल्ल्यावर 'आई' लिहून तो व्हर्नाला दिला. दुसरा हातात घेऊन ती क्षणभर थांबली आणि त्यावर तिने 'पाहुणी' लिहिलं. रेलिन तोंड उघडणार होती, पण लोरिंडाने तिचा दंड दाबला आणि बिल्ला आपल्या जाकिटावर लावून घेतला. एवढ्या लांब भांडायला आलो नाही, बघायला आलोय, असं तिने स्वतःला बजावलं.

आणि बघण्यासारखं होतंच. कॉलेजच्या मागे गोठे होते, मेंढ्या होत्या. व्हर्ना त्यांना "या गोऱ्या बाया फारच सुटल्यात" म्हणाली. गोठ्यांपलीकडे एक पांढरीशुभ्र खोली होती. तिच्या मधोमध जनावरांच्या ऑपरेशनचं टेबल. टेबल खालीवर होत होतं, बाजूला पट्ट्यांचा झोळा होता, त्यात अख्खी गाय उचलता येत होती. तिथल्या प्राध्यापक बाई एका मेंढीला झोळ्यात घालून दाखवत होत्या. रेलिनने एक प्रश्न विचारला. मग आणखी एक. मग कोकरू आडवं आलं आणि हात पोचत नसेल तर काय करता, असं विचारलं, आणि बाई म्हणाल्या, "उद्या रविवार, पण बोलावलेल्या मुलांसाठी सकाळी याच विषयाचा खास वर्ग आहे, येतेयस ना?"

रेलिनने बाही खाली ओढून मोकळं मनगट झाकलं. हिरव्या पट्टीवाली दोन पोरं "हो" म्हणाली.

लोरिंडाने पोरीचा चेहरा पाहिला. गेले महिनाभर जो चेहरा दगडासारखा होता, तो वितळला होता. भूक लागलेल्या लेकराकडे बघून आईला होतं तसं तिला झालं. तिघी दालनात परत आल्या.

तिथे एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई त्यांच्याकडे आल्या. बिल्ल्यावर कॅरिगन असं नाव होतं. "रेलिन एट्सिटी? तुमचं नाव मला आठवतंय," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांबून आलात! गाडीने?"

"रस्ता मोकळा होता," व्हर्ना म्हणाली.

कॅरिगनबाई हसल्या. मनाने वाईट नव्हत्या, हे सांगायला हवं. आमची एक निवडलेली मुलगी ऐनवेळी आली नाही, त्या म्हणाल्या. खाट रिकामी आहे, पट्टी रिकामी आहे. तो राहिलेला अर्ज आत्ता पुरा केलात तर रेलिन दोन दिवस राहू शकेल, उद्याच्या वर्गाला बसू शकेल. त्यांनी आतून कागद आणला आणि पेन लोरिंडाच्या हातात दिलं. "फक्त ही ओळ. आईच्या रकान्यात यांचं नाव राहू द्या, तुमचं खोडा, आणि इथे तुम्ही स्वतःच लिहा, मावशी. आणि खाली छोटासा खुलासा."

पेन लोरिंडाच्या हातात होतं. व्हर्नाने ओठ आवळले आणि पोरीकडे पाहिलं, कारण निर्णय पोरीचा होता. लोरिंडानेही पाहिलं. आता ही भडकेल, आता ही काहीतरी फाडकन बोलेल, अशी तिने वाट पाहिली.

रेलिन जमिनीकडे बघत होती. "धाकटी आई, लिही," ती अगदी हळू म्हणाली. "मावशी लिही. कागदच तर आहे."

लोरिंडाचे स्वतःचे शब्द होते ते. महिनाभर ती हेच सांगत होती. पोरीने ऐकावं म्हणून तिने परात आपटली होती, बहिणीशी भांडली होती. आता पोरीने ऐकलं, आणि ते ऐकताना रेलिनचे खांदे असे पडले होते, जसे कचेरीत लोरिंडाचे पडायचे. हुबेहूब तसेच. मी पोरीला सगळं शिकवलं, लोरिंडाच्या मनात आलं, आणि आज हेही शिकवलं.

तिला भयंकर राग आला. कॅरिगनबाईंचा नाही, रकान्याचा नाही. स्वतःचा.

"सरळ उभी राहा," ती म्हणाली.

तो बसमधला आवाज होता. दालनातली अर्धी माणसं सरळ उभी राहिली. एका गृहस्थाने तर हातातला कप खाली ठेवला.

"कागदच आहे ना?" लोरिंडा म्हणाली. "मीच म्हणत होते. इतके दिवस मीच म्हणत होते, कागदच आहे. मग त्याच्यावर खरं लिहायला काय पैसे पडतात?"

तिने कागद टेबलावर आडवा ठेवला. आईच्या रकान्यातलं एकही नाव खोडलं नाही. दोन्हीखाली जाड रेघ ओढली. मावशीची जागा कोरी ठेवली. खाली 'आई मुलीला का सांभाळत नाही' असं होतं, त्यापुढे तिने लिहिलं, 'सांभाळते. दोघी.' आणि सही करून कागद कॅरिगनबाईंच्या हातात दिला.

"हा मी असा घेऊ शकत नाही," कॅरिगनबाई म्हणाल्या.

"मग घेऊ नका. पण नाही म्हणायचं तर आता तोंडावर म्हणा. मोठ्याने म्हणा. हिला दोन आया आहेत म्हणून हिला खाट नाही, असं या सगळ्यांसमोर म्हणा. घरी चिठ्ठी पाठवू नका."

कॅरिगनबाईंनी कागदाकडे पाहिलं, रांगेत उभ्या माणसांकडे पाहिलं, मग लोरिंडाकडे. ते वाक्य त्यांना म्हणता येईना. लिहायला सोपं होतं ते, म्हणायला नव्हतं.

"मला आत जाऊन बोलावं लागेल," त्या शेवटी म्हणाल्या.

"जा. मी इथेच बसते. माझी बस चिखलात रुतली की ट्रॅक्टर येईपर्यंत मी बसून राहते. बसायची सवय आहे मला."

आणि ती बसली. दाराशेजारच्या खुर्चीवर, पाठ ताठ, दोन्ही हात पुढे, जणू समोर स्टिअरिंग आहे. मग तिने फडकं सोडलं आणि मटण-भाकरी वाटली. कुरळ्या केसांच्या मुलीलाही एक तुकडा दिला. रेलिन तिच्या पायाशी जमिनीवर बसून खात होती आणि मधेच तिच्या गुडघ्यावर डोकं टेकत होती.

"मगाशी मी..." रेलिन म्हणाली.

"खा," लोरिंडा म्हणाली.

"लोरे," व्हर्ना तोंडात घास ठेवून म्हणाली, "बाहेर दोन गाड्या सुरू झाल्या तुझ्या आवाजाने."

भाकऱ्या संपल्या, कॉफी संपली, तेव्हा कॅरिगनबाई बाहेर आल्या. कागद त्यांच्या हातात नव्हता. हिरवी पट्टी होती. "आमच्या अर्जात जागाच एवढी ठेवलीय," त्या जराशा ओशाळून म्हणाल्या आणि रेलिनच्या मनगटावर त्यांनी पट्टी बांधली. "सकाळचा वर्ग लवकर असतो. उशीर करू नकोस."

"ही लवकर उठते," दोन्ही आया एकदम म्हणाल्या.

जाताना लोरिंडा टेबलापाशी थांबली. तिने जाकिटावरचा 'पाहुणी' लिहिलेला बिल्ला सोलून काढला, कुरळ्या केसांच्या मुलीपुढे हात केला आणि कोरा बिल्ला मागून घेतला. जाड पेनाने त्यावर तीनदा गिरवून 'आई' लिहिलं आणि तो छातीवर थापटून बसवला.

पुढच्या आठवड्यात लुकाचुकायच्या डोंगराखाली बस पुन्हा सुरू झाली. लोरिंडाने तेच जाकीट घातलं होतं. बिल्ल्याचे कोपरे सुटले होते, पण तो जागेवर होता. पहिल्याच थांब्यावर एक दात पडलेली पहिलीतली पोरगी पायरी चढली, थबकली आणि एकेक अक्षर लावत तिने तो वाचला.

"आई," ती म्हणाली. "कोणाची?"

मागे पोरं हसायला लागली. लोरिंडाने आरशात पाहिलं, हसू थांबलं.

"तुझं कुळ कोणतं?" तिने पोरीला विचारलं.

"उंच घराचं."

"माझंही तेच. मग तुझीसुद्धा," लोरिंडा म्हणाली आणि गिअर टाकला. "बस खाली."